फळीवर बोलायचं नाही

विटांची भट्टी रचायला घेतली त्याच आठवड्यात टिटवी छावणीतून घरी आली. खांद्याला पिशवी, उजव्या गुडघ्याला पट्टा, आणि तोंड असं घट्ट मिटलेलं की मला आधी वाटलं, दाढ काढून आली आहे.

टिटवी ही माझी धाकटी नणंद. पायांच्या लांब काड्या आणि आवाज असा की तिने नदीवरून हाक मारली तर भट्टीवरची माणसं मान वर करायची. लहानपणी कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच. फौजेत जाऊन तिला फार दिवस झाले नव्हते. आमच्या भागातून फौजेत गेलेली ती पहिलीच मुलगी. त्यामुळे ती गेली तेव्हाही लोकांच्या तोंडाला काम मिळालं होतं, आणि परत आली तेव्हाही मिळणार होतं.

"रजा मिळाली का गं?" मी विचारलं. हात चिखलात होते, साचा पुढ्यात होता.

"मिळाली नाही, दिली," ती म्हणाली. "नापास झाले, वहिनी."

मी तिला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. पाय धुता धुता तिने सगळं सांगितलं. फौजेत अधूनमधून अंगाची परीक्षा होते. जोर काढायचे, दोरावर चढायचं, ओझं घेऊन चालायचं आणि शेवटी धावायचं. ओझ्यात ती सगळ्यांच्या पुढे होती. भट्टीवरची पोर, ओझ्याला काय घाबरणार? पण धावताना छावणीच्या टाकीपाशी एक चढण आहे, तिथे तिचा दम तुटला. डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघ्यावर आपटली, उठली, धावली, पण वेळ संपली होती.

"आणि मग?"

"मग काय? पूल बांधायच्या प्रशिक्षणाला माझं नाव लागलं होतं ना, ते काढलं. अंगाच्या परीक्षेत जो नापास त्याला कुठल्याच प्रशिक्षणाला पाठवत नाहीत. नियमच आहे. माझं अंथरूण पूलवाल्यांच्या खोलीतून उचलून कोठाराच्या मागे नेऊन टाकलं. आता मी बूट मोजते. डावे आणि उजवे."

ती हसली नाही, म्हणून मीही हसले नाही. पूल हे तिच्यासाठी काय होतं ते मला ठाऊक होतं. एका पावसाळ्यात आमच्या नदीवरचा पूल वाहून गेला, तेव्हा फौजेची एक तुकडी आली होती. त्यांनी लोखंडी तुकडे एकमेकांत अडकवत अडकवत दुपार कलायच्या आत पलीकडचा काठ गाठला. टिटवी तेव्हा परकरी पोर होती. विटांची पाटी टाकून ती दिवसभर काठावर बसून राहिली आणि संध्याकाळी सासूबाईंचा मार खाल्ला. मार खाताना म्हणाली होती, "मी हेच करणार." त्या दिवसापासून तिने दुसरं काही म्हटलंच नाही.

"उस्ताद काय म्हणाले?" उस्ताद म्हणजे त्यांना शिकवणारा. पत्रातून ती त्याच्याबद्दल इतकं लिहायची की तो आमच्या घरचाच झाला होता.

"म्हणाले, गुडघा बरा करून ये. प्रशिक्षणाचा ट्रक ज्या सकाळी निघणार, त्याच सकाळी पुन्हा धावायला मिळेल. ट्रक निघायच्या आधी पास झालीस तर जागा तुझी. नाहीतर वर्षभर कोठार. आणि पुढच्या वर्षी नाव लागेल की नाही, देव जाणे."

एवढ्यात आमचे हे भट्टीवरून आले. डोक्यात राख, पापण्यांवर राख. बहिणीला पाहून चेहरा उजळला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं आलीस. हात कमीच पडत होते."

टिटवीने तांब्या खाली ठेवला. "दादा, मी विटा वाहायला आलेले नाही."

"मग काय, पाहुणी म्हणून आलीस?"

तो हंगामच तसा होता. निम्मी माणसं रस्त्याच्या कामावर निघून गेली होती. कच्च्या विटांच्या ओळी मैदानभर उघड्या पडल्या होत्या, आणि आभाळ रोज दुपारी भरून यायचं, रोज संध्याकाळी मोकळं व्हायचं. कच्ची वीट म्हणजे नुसती वाळलेली माती. एक चांगली सर आली की महिन्याची मेहनत पुन्हा चिखल. यांची मान त्या दिवसांत कायम वर असायची, आभाळाकडे. पहिल्या परीक्षेआधी टिटवी चार दिवस आली होती, तेव्हाही असंच आभाळ होतं, आणि यांनी तिला तेव्हाही पाटीखाली घातलं होतं. ते मी बोलले नाही. तीही बोलली नाही. पण तिने भावाकडे असं पाहिलं की ते चुंबळ शोधायला उठून गेले.

शेवटी ठरलं असं, की सकाळी ती विटा वाहील आणि ऊन उतरलं की धावेल. दोघांनाही ते पसंत नव्हतं, म्हणजे करार बरा झाला होता.

भट्टीवर विटा वाहायचं काम पाहिलं नसेल त्याला ते सोपं वाटतं. भट्टी घराएवढी उंच रचायची. वर जायला एक लांब फळी तिरकी लावलेली, माणसाच्या दोन पावलांएवढी रुंद. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाट, पाटावर विटांची उतरंड. फळी पावलागणिक खालीवर होते. तिच्यावर पाय ठेवायच्या आधी छातीभर श्वास घ्यायचा, तो धरून ठेवायचा आणि वर पोचल्यावरच सोडायचा. फळीवर बोललं, हसलं, खोकलं, तरी विटा हलतात, आणि एक वीट हलली की खालच्याचं डोकं फुटतं. माझ्या सासूबाईंच्या एका बहिणीचं असंच फुटलं होतं. म्हणून आमच्या भट्टीवर एकच कायदा होता: फळीवर बोलायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा मलाही तो पहिल्या दिवशीच शिकवला गेला. पोरांना तर पाठीवर थापट्या मारून शिकवायचे.

टिटवी सकाळी माझ्यामागून फळी चढायची. तिची मान पाहून मला बरं वाटायचं. फौजेने ती बिघडवली नव्हती. संध्याकाळी पायांत बूट घालून ती भट्टीपासून कालव्याच्या बांधापर्यंत धावत जायची, बांध चढायची, पलीकडच्या गिरणीला वळसा घालून परत यायची. यांचं मनगटी घड्याळ हातात घेऊन मी विटांच्या ढिगावर बसायचे. आठवड्याभरात गुडघ्याची सूज उतरली. वेळ मात्र उतरेना.

येताना तिचे ओठ जांभळे पडलेले असायचे. ढिगाला धरून वाकायची. "किती?"

मी सांगायचे. ती थुंकायची आणि पुन्हा विचारायची, जणू दुसऱ्यांदा मी कमी सांगेन.

गावाला करमणूक झाली होती. गिरणीवाला दारात पिठाने पांढरा होऊन उभा राहायचा. "काय फौजी, आज तरी शत्रू सापडला का?" एकदा मी दळण घेऊन गेले तर मला म्हणाला, "वहिनी, तिला म्हणावं पायांना चाकं लावून घे. नाहीतर आपलं बरं, घरात चूल आहे, भट्टी आहे. बाईमाणसाला पूल काय करायचाय?"

"तुमची गिरणी काल बंद पडली होती," मी म्हटलं, "तेव्हा तिने काही विचारलं का तुम्हाला, बाप्यामाणसाला गिरणी कशाला म्हणून?"

तो दळणाकडे वळला. पीठ त्या दिवशी जाडं आलं.

घरातही सगळं गोड नव्हतं. जेवताना हे एकदा म्हणाले, "टिटवे, धावून काय होणार आहे? एकदा नापास ती नापास. कोठार काय वाईट आहे? सावलीतलं काम."

"सावलीत बसायचं असतं तर याच भट्टीच्या सावलीत बसले असते."

"मग बस की. कोण नको म्हणतंय?"

"मी म्हणतेय," ती म्हणाली आणि ताट घेऊन बाहेर जाऊन जेवली. ताट मात्र रिकामं करून आणलं. रुसली तरी जेवायचं सोडणाऱ्यांतली ती नव्हती.

उकल झाली ती अशी. सासूबाई एका संध्याकाळी बांधावर काटक्या वेचत होत्या. टिटवी खालून धावत आली, चढाला लागली. सासूबाईंनी विचारलं, "अगं, अंघोळीला पाणी तापवू का?"

टिटवी गप्प. समोरून गेली, चढून गेली, वर पोचली आणि तिथून ओरडली, "तापव!"

परत येताना सासूबाईंनी तिची वाट अडवली. मीही तोवर घड्याळ घेऊन तिकडे गेले होते, कारण त्या दिवशी तिला फारच उशीर झाला होता. "बहिरी झालीस का? मी पायाशी विचारते आणि तू डोंगरावर जाऊन उत्तर देतेस?"

"आई, चढावर कशी बोलू?"

"का? जीभ खाली ठेवून चढतेस?"

"तूच तर मारून मारून…" टिटवी म्हणाली आणि थांबली.

टिटवीने छातीवर हात ठेवला. मग ती बांध उतरली, पुन्हा चढाच्या तोंडाशी गेली, आणि आमच्या डोळ्यांदेखत छातीभर श्वास घेऊन तो तसाच धरून वर आली. वर येऊन सोडला. ओठ जांभळे.

"प्रत्येक चढाला," ती म्हणाली. "टाकीच्या चढाला पण. मला कळतसुद्धा नाही, वहिनी. पायाखाली चढ लागला की आपोआप दार बंद होतं."

सासूबाईंनी काटक्यांची मोळी खाली टाकली. "मी फळीवर म्हटलं होतं गं सटवे! इथे काय तुझ्या डोक्यावर विटा आहेत? श्वास घे की!"

पण लहानपणापासून अंगात भिनलेलं असं सांगून निघत नाही. दोन दिवस ती श्वास घ्यायचं ठरवून चढायची आणि निम्म्यात दार बंद व्हायचं. तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः बांधाच्या टोकावर जाऊन बसल्या. "बोलत ये," त्या वरून म्हणाल्या. "तोंड उघडं राहिलं की श्वास झक मारत येईल."

"काय बोलू?"

"काहीही बोल. शिव्या दे. त्या तर येतात ना फौजेत?"

टिटवी खाली उभी राहिली. आईसमोर शिव्या द्यायला तिची जीभ रेटेना. मग ती सुटली, आणि पहिला शब्द निघाला तो गिरणीवाल्यासाठी.

"जाडं पीठ! वजनात खोट! तुझा पट्टा तुटो! तुझं जातं झिजो! कोठाराला उंदीर लागोत! बुटांना बुरशी लागो! दादा कंजूष! दादा कंजूष!"

वर पोचली तेव्हा ती लालबुंद झाली होती. जांभळी नव्हती. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी घड्याळ पाहिलं, झटकून पुन्हा पाहिलं, कानाला लावलं.

"बंद पडलं का?" टिटवीने विचारलं.

"चालू आहे," मी म्हटलं. "तूच बंद पडली होतीस."

मग रोज संध्याकाळी गावाला ते ऐकावं लागलं. गिरणीवाला तक्रार घेऊन घरी आला. सासूबाईंनी त्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुमचं नाव घेते कुठे ती? नुसतं पीठ म्हणते. जाड्या पिठाचे काय तुम्ही एकटेच आहात?" तो पाणी अर्धंच टाकून उठला. त्यानंतर तो दारात उभा राहायचा बंद झाला. ती नेमकी दाराशी आली की गिरणी सुरू करायचा, आणि टिटवी तिच्याही वर आवाज काढायची.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आभाळ जे भरलं ते मोकळं झालंच नाही. वारा पडला. मैदानावर निम्म्या विटा अजून उघड्या होत्या. ताडपत्र्या अपुऱ्या. टिटवीची पिशवी दारात भरून ठेवलेली होती. संध्याकाळच्या बसने आम्ही तिघं छावणीच्या गावी जाऊन राहायचं ठरलं होतं.

हे फळीशी उभे होते. "एक दिवस थांब," ते बहिणीला म्हणाले. आवाज हुकमाचा नव्हता, म्हणून ऐकायला जास्त अवघड होता. "पाहतेस ना वर? परीक्षा पुन्हा होईल. विटा गेल्या तर गेल्या."

टिटवीने वर पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. तिचे हात आपोआप चुंबळीकडे गेलेले मी पाहिले. मग तिने ते मागे घेतले आणि पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले.

"मागच्या वेळी थांबले होते, दादा," ती म्हणाली. "या वेळी नाही."

"आणि हे?" त्यांनी मैदानाकडे हात केला.

"हे तुझं आहे. ते माझं आहे. मी तुझ्यासाठी पुष्कळ वाहिलंय, तू माझ्यासाठी एकदा धावलेला नाहीस."

ती पिशवी उचलून रस्त्याला लागली. सासूबाईंनी मला खूण केली, "जा तू." त्या स्वतः ताडपत्रीची कड ओढायला लागल्या होत्या. उरलेले दोन मजूर आणि शेजारची भाजीवाली त्यांच्या मदतीला आली. मी चपला घातल्या. बस यायच्या वेळेला मागून पावलं ऐकू आली. हे होते. अंगावर तोच कामाचा सदरा, केसांत तीच राख. बाकावर आमच्या दोघींपासून लांब बसले आणि म्हणाले, "पुन्हा थापता येतात विटा." ते कोणाला म्हणाले कळलं नाही. बस निघाली तेव्हा काचेवर पहिले थेंब पडले. ते पाहायला त्यांनी मान वळवली नाही.

छावणीच्या मैदानाला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाबाहेरून रस्ता जायचा. सकाळी आम्ही दोघं तारेला धरून उभे राहिलो. फाटकाशी ट्रक उभा होता. त्यात पूलवाल्या मुली आणि मुलं गणवेशात बसलेली, मांडीवर टोप्या. चिखलात सात-आठ जण धावायला उभे केले. त्यात टिटवी. शिट्टी वाजली.

सपाटीला ती मधेच होती. मग टाकीची चढण आली आणि आमच्यापर्यंत आवाज आला.

"जाडं पीठ! बुटांना बुरशी! दादा कंजूष! दादा कंजूष!"

मैदानातली माणसं वळून पाहू लागली. ट्रकमधली मुलं उभी राहिली. "मी काय केलं आता?" हे मला म्हणाले, पण तारेवरचा त्यांचा हात घट्ट झाला होता. चढ संपला तेव्हा ती दोघांच्या पुढे गेली होती. शेवटच्या वळणाला हे माझ्या शेजारून पुटपुटत होते, "बोल, बोल, गप्प बसू नकोस."

ती रेघ ओलांडून गेली, वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. उस्तादांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली. होकाराची. मी ओरडले की रडले, मला आठवत नाही. यांनी केसांतून आणि मग तोंडावरून हात फिरवला आणि राख सगळी गालावर आली.

पण तिकडे काहीतरी बिनसलं होतं. उस्ताद ट्रककडे हात करून बोलत होते आणि टिटवी नाही म्हणून मान हलवत होती. मग ती चालत ट्रकपाशी गेली, मागच्या फळीला धरून वर चढली आणि बसली. अंगात घामाचा बनियन, चिखलाने भरलेले पाय.

उस्ताद मागोमाग आले. फाटक जवळ होतं, ऐकू येत होतं. "उतर खाली. जागा भरली काल."

"ट्रक निघायच्या आधी, असं म्हणाला होतात. ट्रक उभा आहे."

"अगं, दुसरीला दिली जागा."

"मला आधी दिली होती."

"गणवेश नाही, सामान नाही, अशी जाणार?"

"पूल काय गणवेशावर उभा राहतो? शिकवणार आहात तर चला. उतरवायचं असेल तर उचलून उतरवा. विटांएवढी जड आहे मी, आधीच सांगते."

ट्रकमध्ये कोणीतरी फस्सकन हसलं. टिटवीच्या जागी घेतलेली मुलगी जराशी सरकली आणि टिटवीला नीट बसायला जागा झाली. तेवढ्यात मोठे साहेब आले. सगळे ताठ झाले, टिटवी बसल्या बसल्या ताठ झाली. साहेबांनी विचारलं, काय चाललंय? उस्तादांनी एकदा ट्रककडे पाहिलं. त्यांना दोन शब्दांत तिला उतरवता आलं असतं.

"पास झाली आहे, साहेब," ते म्हणाले. "वेळेत. मी तिला शब्द दिला होता."

साहेबांनी चिखलाच्या पायांकडे पाहिलं. "मग ट्रक कशासाठी अडवलाय?"

फाटक उघडलं. ट्रक आमच्या समोरून गेला तेव्हा टिटवी मागे उभी होती, एका हाताने दांडा धरून. "वहिनी!" तिचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू गेला. "माझी पेटी कोठाराच्या मागे आहे! पाठवून द्या! कुलूप नाही तिला!"

ट्रक वळणाआड गेला. आम्ही फाटकाशी गेलो. पहारेकऱ्याने यांच्याकडे पाहिलं, राखेच्या केसांकडे, मळक्या सदऱ्याकडे. रात्री घरी किती ओळी विरघळल्या ते आम्हाला अजून माहीत नव्हतं.

"पेटी न्यायची आहे," हे म्हणाले.

"कोणाची? कोठारात काम करणाऱ्या मुलीची का?"

"कोठारात माझं कोणी नाही," आमचे हे म्हणाले. "माझी बहीण पूल बांधणाऱ्या तुकडीत आहे. तिची पेटी."